पोपची मध्ययुगीन रौप्य नाणी

रोमचा बिशप आणि पश्चिमेकडील ख्रिस्ती धर्मसंघाचा प्रमुख या नात्याने पोपने स्वतःच्या नावाने वा स्वतःच्या अधिकाराखाली आठव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पाडलेली चांदीची नाणी. नाणी पाडणे हा सार्वभौमत्वाचा एक ठळक हक्क होय. पोप हा धर्मगुरू असला, तरी मध्य इटलीतील विस्तृत प्रदेशाचा तो अधिपतीही होता आणि या दुसऱ्या भूमिकेतून तो नाणी पाडीत असे. तथापि रोम शहरावरील त्याची सत्ता कधीच निर्वेध नव्हती. बायझंटिन सम्राट, फ्रँक व जर्मन सम्राट, रोममधील सरदार घराणी आणि पुढे रोमचे नागरिक यांपैकी कोणी ना कोणी तीत वाटेकरी असेच. या वाटणीचा सर्वांत प्रामाणिक पुरावा नाण्यांवरील लेखांत सापडतो. पोपशाहीची सनदपत्रे बहुधा पोपच्या कचेरीतच लिहिली गेली, त्यामुळे त्यांत पोपचा अधिकार नेहमीच अखंड दिसतो. नाणे मात्र बाजारात चालायचे असल्याने त्यावर ज्याची सत्ता खरोखर चालत असे, त्याचे नाव घालणे भाग पडे.

पाचव्या शतकात पश्चिम रोमन साम्राज्य लयास गेल्यावर सहाव्या शतकाच्या मध्यास रोम बायझंटिन साम्राज्यात समाविष्ट झाले. रोमच्या टाकसाळीतून सम्राटाच्या नावाने नाणी निघत. आठव्या शतकात बायझंटिन सत्तेची पकड ढिली होत गेली, तसतसे शहराचे संरक्षण, धान्यपुरवठा व न्यायदान यांचा भार पोपवर येऊन पडला. ग्रेगरी तिसरा (कार. ७३१–४१) व झॅकरायस (कार. ७४१–५२) या पोपांची नावे असलेले तांब्याचे चौकोनी तुकडे उपलब्ध आहेत. ती नाणी होत, की दानधर्माच्या वेळी वाटावयाचे बिल्ले होत, याविषयी तज्ञांत मतभेद आहेत. निःसंशयपणे पोपचे म्हणता येईल असे पहिले रौप्य नाणे एड्रिअन पहिला (कार. ७७२–९५) याचे आहे.

एड्रिअनच्या कारकीर्दीत ७७४ मध्ये फ्रँक राजा शार्लमेन याने लाँबर्डांचे राज्य जिंकले आणि रोमला असलेला त्यांचा धोका नाहीसा झाला. त्यानंतर एड्रिअनने बायझंटिन सम्राटाच्या राज्यवर्षांनुसार दस्तऐवजांवर कालनिर्देश करण्याची प्रथा सोडून दिली. ७८१ पासून त्याच्या दस्तऐवजांवर सम्राटाऐवजी त्याच्या स्वतःच्या कारकीर्दीचे वर्ष येऊ लागते. नाण्यांतील बदल हा याच प्रक्रियेचा भाग होय. एड्रिअनच्या आरंभीच्या डिनॅरियसवर दर्शनी बाजूस समोर पाहणारी पोपची अर्धप्रतिमा व त्याचे नाव असून मागील बाजूस पायऱ्यांवर उभा असलेला क्रूस, त्याच्या दोहो बाजूंस रोमची आद्याक्षरे आणि खाली ‘कोनॉब’ ही अक्षरे आहेत. ही अक्षरे मुळात कॉन्स्टँटिनोपलच्या टाकसाळीतील शुद्ध सोन्याची निदर्शक होती. चांदीच्या नाण्यावर त्यांना काहीच अर्थ नव्हता. कोरणाऱ्या कारागिराने ती केवळ सवयीने किंवा लोकांचा विश्वास बसावा म्हणून ठेवली असावीत. राजकीय निष्ठा बदलली, तरी नाण्याची ओळखीची घडण एकाएकी बदलता येत नाही, ही नाणकशास्त्रातील सर्वत्र आढळणारी गोष्ट येथेही प्रत्ययास येते.

पुढील काळातील घडण पूर्णपणे फ्रँक नाण्यांची आहे. पश्चिम यूरोपात सोन्याची आवक आटल्यामुळे चांदीचा डिनॅरियस हेच एकमेव चलनी नाणे उरले होते. शार्लमेनने सु. ७९३-९४ मध्ये त्याचे वजन वाढवून सु. १·७ ग्रॅम केले. १२ डिनॅरियसांचा एक सॉलिडस व २० सॉलिडसांचा म्हणजे २४० डिनॅरियसांचा एक पौंड, असा हिशेब रूढ झाला. यांपैकी सॉलिडस व पौंड ही केवळ हिशेबाची परिमाणे होती. प्रत्यक्षात हाती येई तो डिनॅरियसच. (हीच गणनपद्धती इंग्लंडमध्ये १९७१ पर्यंत टिकून होती.) फ्रँक राज्यातील चांदीचा मोठा वाटा प्वातू प्रांतातील मेल येथील खाणींतून येत असे. नाणे पाडण्याची रीत साधी होती. चांदीच्या पातळ पत्र्याच्या चकत्या कापून त्या दोन साच्यांमध्ये ठेवीत आणि वरच्या साच्यावर हातोडा मारीत. खालचा साचा ठोकळ्यात घट्ट बसविलेला असे. हाताच्या या कामामुळे छाप पुष्कळदा एका बाजूला सरकलेली, तर कडेची अक्षरे कापली गेलेली दिसतात.

लिओ तिसरा (कार. ७९५–८१६) याने २५ डिसेंबर ८०० रोजी सेंट पीटरच्या चर्चमध्ये शार्लमेनला सम्राट म्हणून मुकुट घातला. त्यानंतरच्या रोमच्या डिनॅरियसवर एका बाजूस सम्राटाचे नाव व दुसऱ्या बाजूस सेंट पीटरचे नाव आणि मध्यभागी पोपच्या नावाचे एकाक्षर, म्हणजे अक्षरे एकमेकांत गुंफून केलेली मुद्रा, अशी रचना आढळते. दहाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, बेनिडिक्ट सातवा (कार. ९७४–८३) याच्या सुमारापर्यंत, हीच रचना थोड्याफार फरकाने चालू राहिली. नाणकशास्त्रज्ञ या नाण्यांना ‘अँटिक्विओरेस’ म्हणजे ‘अधिक प्राचीन’ अशी संज्ञा देतात. एकाच नाण्यावर दोन जिवंत सत्ताधीशांची आणि एका दिवंगत प्रेषिताची अशी तीन नावे असणे, हे या मालिकेचे वैशिष्ट्य होय. त्यातील क्रम अर्थपूर्ण आहे. सम्राट हा रोमचा अधिराज, पोप हा प्रत्यक्ष शासक आणि सेंट पीटर हा भूमीचा खरा धनी, अशी ती मांडणी आहे. ८२४ मध्ये लोथार पहिला याने केलेल्या कायद्यान्वये रोमच्या रहिवाशांना सम्राटाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागे. नाण्यावरील सम्राटाचे नाव हे त्या शपथेचेच धातूतील रूप म्हणावे लागेल.

या नाण्यांवर वर्ष नसते आणि पोपच्या नावापुढे क्रमांकही नसतो. नवव्या-दहाव्या शतकांत जॉन नावाचे अनेक पोप होऊन गेले, स्टीव्हन व लिओ या नावांचेही एकाहून अधिक होते. त्यामुळे नुसत्या एकाक्षरावरून नाणे कोणाचे हे ठरविता येत नाही. सोबतच्या सम्राटाच्या नावावरून ते ठरवावे लागते. पोपने नाइलाजाने कोरलेले नावच आज त्याच्या नाण्याची ओळख पटविते.

९२४ मध्ये सम्राट बेरेंगार याचा वध झाल्यानंतर ९६२ पर्यंत पश्चिमेत कोणीही सम्राट नव्हता. या पोकळीत रोमची सत्ता एका स्थानिक सरदार घराण्याच्या हाती गेली. ९३२ ते ९५४ या काळात ॲल्बेरिक दुसरा हा ‘रोमनांचा राजा’ न म्हणविता, ‘सर्व रोमनांचा राजपुत्र’ म्हणवीत शहरावर अधिकार गाजवीत होता. पोपची निवडही त्याच्या इच्छेने होई. या काळातील नाण्यांवर सम्राटाच्या जागी ॲल्बेरिकचे नाव येते. ॲल्बेरिकच्या अमलात पोप हे धार्मिक कार्यापुरतेच उरले होते, ही गोष्ट समकालीन इतिवृत्तांतून समजतेच. परंतु ती इतिवृत्ते बहुधा त्याच्या विरोधकांनी लिहिली असल्याने त्यांवर पूर्णतः विसंबता येत नाही. नाण्याने त्यांना दुजोरा दिला आहे. ॲल्बेरिकचा मुलगा जॉन बारावा (कार. ९५५–६४) या नावाने स्वतःच पोप झाला आणि ९६२ मध्ये त्याने जर्मन राजा ऑटो पहिला याला सम्राटपद दिले. त्यानंतर नाण्यांवर ऑटोचे नाव दिसू लागले.

पोपच्या तिजोरीत येणारी चांदी अर्थातच केवळ त्याच्या टाकसाळीची नव्हती. इंग्लंडमधून दरसाल ‘पीटर्स पेन्स’ नावाची देणगी रोमला येत असे. १८८३ मध्ये रोमच्या फोरममधील व्हेस्टल कुमारिकांच्या निवासाच्या अवशेषांत एक ठेवा सापडला. त्यात आठशेहून अधिक अँग्लो-सॅक्सन पेनी असून आल्फ्रेडपासून एडमंडपर्यंतच्या राजांच्या नाण्यांचा समावेश आहे. त्यांच्यासोबत चांदीचे दोन कोरीव आकडे मिळाले. पैशाची थैली बंद करण्यासाठी ते वापरले असावेत. त्यांवर पोप मरायनस याला अर्पण केल्याचा लेख आहे. हा मरायनस दुसरा (कार. ९४२–४६), म्हणजे ॲल्बेरिकच्या मुठीत असलेल्या पोपांपैकीच एक. दूरच्या इंग्लंडमधील दाते ज्याला भक्तिभावाने चांदी पाठवीत होते, त्याला स्वतःच्या शहरातील नाण्यावर आपले नाव दुसऱ्याच्या नावाशेजारी कोरावे लागत होते. ही विसंगती पुढील दोन शतकांत अधिकच तीव्र झाली.

दहाव्या शतकाच्या अखेरीनंतर रोमची टाकसाळ जवळजवळ थंडावली. लिओ नववा (कार. १०४९–५४) व पॅस्कल दुसरा (कार. १०९९–१११८) यांच्या नावाची अत्यंत दुर्मिळ नाणी सोडली, तर सुमारे तीनशे वर्षे पोपच्या नावाचे नाणे आढळत नाही. सम्राट चौथा हेन्री याला कानॉसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात तिष्ठत ठेवणारा ग्रेगरी सातवा (कार. १०७३–८५), पहिल्या धर्मयुद्धाची हाक देणारा अर्बन दुसरा (कार. १०८८–९९) आणि राजांना पदच्युत करण्याचा अधिकार सांगणारा इनोसंट तिसरा (कार. ११९८–१२१६) हे पोपशाहीच्या परमोत्कर्षाचे प्रतिनिधी मानले जातात. यांपैकी एकाच्याही नावाचा डिनॅरियस ज्ञात नाही. रोमच्या बाजारात प्रथम पाव्हिया, नंतर लूका येथील डिनॅरियस चालत. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील शँपेन प्रांतातील प्रॉव्हँ या जत्रेच्या गावची नाणी रोममध्ये मोठ्या प्रमाणात आली. त्यांना ‘प्रोव्हिसिनो’ म्हणत. ११९२ मध्ये चेंचिओ साव्हेल्ली या पोपच्या खजिनदाराने (हाच पुढे ऑनोरियस तिसरा या नावाने पोप झाला) चर्चला येणे असलेल्या खंडणीची व देण्यांची एक विस्तृत नोंदवही सिद्ध केली. तीत निरनिराळ्या देशांच्या निरनिराळ्या नाण्यांत रकमा मांडल्या आहेत. पोपचा खजिना हा तत्कालीन यूरोपातील नाण्यांचे एक संग्रहालयच होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

रोममध्ये नाणी पाडण्याचे काम पुन्हा सुरू झाले, ते पोपने नव्हे, तर रोमच्या नागरिकांनी केले. ११४३-४४ मध्ये नागरिकांनी बंड करून प्राचीन सीनेटच्या नावाने स्वतःचे शासन स्थापिले. त्यानंतरच्या चार दशकांत पोपांना कित्येक वर्षे शहराबाहेर काढावी लागली. ११८० नंतर सीनेटने प्रॉव्हँच्या नाण्याची नक्कल करून आपला प्रोव्हिसिनो चालू केला. मूळ नाण्यावरील फणीच्या आकाराची आकृतीही तशीच ठेवली. लेख मात्र बदलला. एका बाजूस ‘रोमा कापुत मुंदी’ म्हणजे ‘जगाचे मस्तक रोम’ आणि दुसऱ्या बाजूस सीनेट व रोमन जनता यांचे नाव. जगाचे मस्तक म्हणविणाऱ्या शहराने एका परकीय जत्रेच्या गावचे नाणे उसने घ्यावे, यात गंमत आहे; परंतु बाजाराच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते.

११८८ मध्ये क्लेमेंट तिसरा (कार. ११८७–९१) व सीनेट यांच्यात तह झाला. त्या तहाच्या मसुद्यात सीनेटने पोपला सीनेट, शहर व नाणी परत केल्याचे नमूद केले असून टाकसाळीच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश भाग मात्र स्वतःकडे राखून ठेवला आहे. कागदोपत्री नाण्याचा हक्क अशा रीतीने पोपकडे आला. नाण्यावर मात्र सीनेटचेच नाव राहिले आणि ते पुढे दीड शतकाहून अधिक काळ टिकले. तेराव्या शतकाच्या मध्यास बोलोन्याचा ब्रांकालेओने देल्यी आंदालो हा सीनेटर असताना (१२५२–५५ व १२५७-५८) रोममध्ये ‘ग्रॉसो’ हे मोठे रौप्य नाणे निघाले. त्यावर एका बाजूस सिंह व सीनेटरचे नाव आणि दुसऱ्या बाजूस सिंहासनारूढ रोमा देवता आहे. पोपचा, सेंट पीटरचा वा किल्ल्यांचा त्यावर मागमूसही नाही. नेपल्सचा राजा आंझूचा चार्ल्स हा पुढे सीनेटर झाला, तेव्हा त्यानेही आपल्या नावाची अशी नाणी पाडली.

नाणे हाती नसले, तरी नाण्याविषयीचे विचार मात्र पोपने याच काळात मांडले. ॲरागॉनचा राजा पीटर दुसरा याने वडिलांच्या कारकीर्दीतील हिणकस नाणे कायम ठेवण्याची शपथ घेतली होती. त्यामुळे प्रजेचे नुकसान होते, म्हणून ती शपथ बंधनकारक नाही, असा निर्णय इनोसंट तिसऱ्याने ११९९ मध्ये दिला. १२३४ मध्ये ग्रेगरी नववा याच्या आज्ञेने तयार झालेल्या धर्मकायद्याच्या संहितेत तो समाविष्ट करण्यात आला. नाण्यातील चांदी कमी करणे ही राजाची खासगी बाब नसून तीत प्रजेच्या हिताचा प्रश्न गुंतलेला आहे, या विचाराची चर्चा पुढील धर्मशास्त्रज्ञांनी याच निर्णयाच्या आधारे केली. मध्ययुगीन पोपशाहीचा चलनाच्या इतिहासातील सर्वांत टिकाऊ वाटा कदाचित हाच असेल.

पोपचे नाव नाण्यावर परत आले, ते रोमपासून दूर ऱ्होन नदीच्या खोऱ्यात. फ्रान्सच्या राजाने १२७४ मध्ये व्हेनेसँ हा परगणा पोपला दिला होता. चौदाव्या शतकाच्या आरंभी तेथील पाँ-द-सॉर्ग येथे पोपची टाकसाळ चालू झाली. १३०९ मध्ये पोपचा मुक्काम आव्हीन्यों येथे आल्यावर तिचे महत्त्व वाढले. क्लेमेंट पाचवा (कार. १३०५–१४) याच्या रौप्य नाण्यावर मुकुट धारण करून आशीर्वाद देणारी पोपची प्रतिमा आहे. तेथे त्याने स्वतःला पोप म्हणविले आहेच, पण त्याबरोबर ‘व्हेनेसँचा काउंट’ असेही म्हणविले आहे. सर्व ख्रिस्ती जगाच्या गुरूने एका लहानशा परगण्याच्या सरदाराचे बिरुद मिरवावे, हे वरकरणी विचित्र दिसते. वस्तुतः नाणी पाडण्याचा त्याचा निर्विवाद हक्क त्या बिरुदावरच आधारलेला होता. रोमच्या सिंहासनाने जे दिले नाही, ते या परगण्याने दिले.

आव्हीन्योंच्या पोपांनी नव्या नाण्यांची घडण ठरविताना व्यापाराची सोय पाहिली. फ्रान्सचा नववा लुई याने १२६६ मध्ये काढलेला सु. ४·२ ग्रॅम वजनाचा ‘ग्रो तूर्न्वा’ आणि नेपल्सचा चार्ल्स दुसरा याने चौदाव्या शतकाच्या प्रारंभी काढलेला, लिलीच्या फुलांनी सजविलेल्या क्रुसाचा ‘जील्यातो’ ही त्या भागातील मान्यवर रौप्य नाणी होती. जील्यातो हा शेजारच्या प्रॉव्हान्समध्येही चाले, कारण नेपल्सचे राजघराणेच प्रॉव्हान्सचे धनी होते. क्लेमेंट सहावा (कार. १३४२–५२) याच्या नाण्यावर जील्यातोप्रमाणेच सिंहमुखी आसनावर बसलेला शासक दिसतो, राजाच्या ठिकाणी पोप आहे, एवढाच फरक. मागील बाजूच्या क्रुसाच्या कोनांत लिलीऐवजी सेंट पीटरच्या किल्ल्या आहेत आणि भोवती सेंट पीटर व सेंट पॉल यांची नावे. याच क्लेमेंटने १३४८ मध्ये नेपल्सची राणी जोन हिच्याकडून आव्हीन्यों शहर ८०,००० फ्लोरिनांना विकत घेतले. किंमत सोन्यात ठरली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मोठ्या व्यवहारांतून चांदी तोवर मागे पडली होती. जॉन बाविसावा (कार. १३१६–३४) याने फ्लॉरेन्सच्या सुवर्ण फ्लोरिनची हुबेहूब प्रतिकृती काढून तीवर फ्लॉरेन्सच्या जागी सेंट पीटरचे नाव घातले होते. याच पोपने १३१७ मध्ये किमयागारांविरुद्ध एक आज्ञापत्र काढले. खोटे सोने-चांदी बनविणाऱ्यांनी तितक्याच वजनाची खरी धातू गरिबांसाठी दंड म्हणून भरावी, असे त्यात म्हटले आहे.

इकडे रोममध्ये १३४७ साली कोला दी रीएंत्सो याने काही महिने सत्ता बळकावली, तेव्हा प्रोव्हिसिनोवर त्याच्या ट्रिब्यूनपदाचा उल्लेख झळकला. अर्बन पाचवा हा १३६७ मध्ये रोमला आला आणि १३७० मध्ये परत गेला. या अल्प वास्तव्यातील त्याची रौप्य नाणी महत्त्वाची आहेत. त्यांवर पोपचे नाव असून ती रोमची असल्याचे मुद्दाम नमूद केले आहे. १३७८ ते १४१७ या धर्मसंघातील दुफळीच्या काळात रोम व आव्हीन्यों येथे दोन प्रतिस्पर्धी पोप होते, १४०९ नंतर तर तीन. प्रत्येकाने किल्ल्यांचे तेच चिन्ह व सेंट पीटरचे तेच नाव वापरले. दोन्ही बाजूंची नाणी शेजारी ठेवली, तर खरा पोप कोणता हे त्यांवरून कळत नाही.

१३९८ मध्ये बॉनिफेस नववा याने रोमच्या नागरी शासनाचे स्वातंत्र्य संपुष्टात आणले आणि १४२० मध्ये मार्टिन पाचवा रोमला परतल्यावर तेथील टाकसाळ निर्विवादपणे पोपची झाली. सीनेटचे नाव मोठ्या नाण्यांवरून गेले. त्याऐवजी पोपच्या घराण्याचे कुलचिन्ह व वर मुकुट आणि किल्ल्या अशी रचना रूढ झाली. ॲंकोना, बोलोन्या, पेरूजा इ. शहरांतील टाकसाळीही क्रमाक्रमाने पोपच्या नियंत्रणाखाली आल्या. मात्र तेथील नाण्यांवर स्थानिक संतांच्या प्रतिमा बराच काळ राहिल्या. सिक्स्टस चौथा (कार. १४७१–८४) याच्या ग्रॉसोवर पोपचे एका बाजूने दिसणारे खरेखुरे मुखचित्र आहे. फोलीन्यो येथील एमील्यानो ऑर्फीनी या सोनाराचा रोमच्या टाकसाळीशी या काळात संबंध होता. येथून पुढची नाणी प्रबोधनकालीन कलेत मोडतात. ज्यूलियस दुसरा (कार. १५०३–१३) याने कस सुधारून काढलेले रौप्य नाणे त्याच्याच नावावरून ‘जूल्यो’ म्हणून प्रसिद्ध झाले.

या नाण्यांच्या अभ्यासास सतराव्या-अठराव्या शतकांत आरंभ झाला. व्हॅटिकनमधील मूळ संग्रहाची अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच सैन्याच्या स्वारीत हानी झाली व एकोणिसाव्या शतकात तो पुन्हा उभारावा लागला. त्याची बृहत् सूची कामील्लो सेराफीनी याने १९१० ते १९२८ या काळात चार खंडांत प्रसिद्ध केली. इटलीचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा हा स्वतः नाणकशास्त्रज्ञ होता. त्याने सिद्ध केलेल्या इटालियन नाण्यांच्या महाकोशात रोमच्या टाकसाळीस स्वतंत्र खंड दिले असून त्यांत सीनेटची नाणी व पोपची नाणी एकाच टाकसाळीची म्हणून एकत्र नोंदविलेली आहेत.